‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ : डेन्व्हरचे रूप गावे की टूट्सचे?

‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे गाणे आपल्या कार्यक्रमात घेणाऱ्या गायकाला आधी एक गोष्ट ठरवावी लागते : त्यातले वेस्ट व्हर्जिनिया हे अमेरिकेतल्या राज्याचे नाव तसेच ठेवायचे, की तिथे आपला मुलूख आणायचा? एका बाजूला अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचे १९७१ चे मूळ ध्वनिमुद्रण आहे. दुसऱ्या बाजूला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्स या, रेगे ही तिथली संगीतशैली गाणाऱ्या वृंदाने घडवलेले रूप आहे, ज्यात टूट्स हिबर्ट ‘वेस्ट जमैका’ गातात.

मूळ गाणे भूमिपुत्राचे आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बिल डॅनॉफ आणि टॅफी निवर्ट या गीतकारांना ते मेरिलँड या दुसऱ्याच राज्यातल्या एका रस्त्यावरून जाताना सुचले, डॅनॉफ यांनी तोवर वेस्ट व्हर्जिनिया पाहिलेही नव्हते, आणि डिसेंबर १९७० च्या अखेरीस डेन्व्हर यांच्यासोबत त्यांनी ते वॉशिंग्टनमध्ये पूर्ण केले. गाण्यात येणारी शेनंडोआ नदीही वेस्ट व्हर्जिनियाच्या केवळ पूर्व टोकाला स्पर्श करते. मला हे फार दिलासा देणारे वाटते, कारण घरापासून दूर असलेल्या कोणालाही या गाण्यावर हक्क सांगता येतो. माझा जीव गुंतला आहे तो त्याच्या मधल्या कडव्यात. ए मेजर या पट्टीत बांधलेल्या या गाण्यात, आपण कालच घरी पोचायला हवे होते असे वाटायला लावणाऱ्या त्या ओळीत, कोमल निषादावरचा जी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) अवचित येतो, आणि गाव सोडून शहरात राहिलेल्या माझ्यासारख्याचा आवाज तिथे आपोआप हळवा होतो.

टूट्स यांचा जन्म जमैकातल्या मे पेनचा आणि गळा चर्चमधल्या गायनावर पोसलेला. त्यांनी नुसते नाव बदलले नाही. ठेका बदलला, गिटार ठोक्यांच्या मधल्या जागांवर आणली आणि शब्दांना प्रार्थनेची आर्तता दिली. म्हणूनच त्यांचा बदल पटतो. बँजोची मूळ चाल तशीच ठेवून ओळीत केवळ सह्याद्री बसवला, तर मात्रा जुळतील, पण गाणे उपरे वाटेल.

सोबत बेस आणि ड्रम्स असतील, गळा मोकळा आणि दमदार असेल, तर टूट्स यांचा मार्ग जरूर घ्यावा. एकट्या गिटारवर तो ठेका उघडा पडतो. तेव्हा, विशेषतः श्रोत्यांनी ध्रुवपदात सूर मिसळावा अशी इच्छा असेल तर, डेन्व्हर यांचेच रूप निवडावे आणि वेस्ट व्हर्जिनिया निःसंकोच म्हणावे. मीही तेच करतो. आवाज चढत नसल्यास पट्टी जी मेजरपर्यंत उतरवावी. मग कोमल निषादावरचा तो कॉर्ड एफ होतो आणि नवशिक्याची बोटे तिथे अडतात. तरीही तो वगळू नये.