जावळ्या बहिणींची कादंबरी: सहा महिने कानात

दिवाळीच्या घाईत ही कादंबरी मोबाईलच्या ॲपवर ऐकायला घेतली, आता मे संपत आलाय. तीनदा ऐकून झाली. मी परभणीत लेडीज टेलर आहे. हात मशीनवर, डोळे शिवणीवर, कान तेवढे रिकामे. कादंबरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नावातच अर्धं गुपित फुटतंय.

गोष्ट अशी. दोघी जावळ्या. थोरलीचं लग्न ठरतं, तिला ते नको असतं, म्हणून मुलाला भेटायला धाकटी जाते, थोरली बनून. दोन-चार भेटींत नकार देऊन यायचं ठरलेलं, आणि तीच गुंतते. पुढचं कुणीही सांगेल. तरी पहिल्या वेळी मला राहवेना. लगीनसराईचा ढीग पडलेला, आणि मी रात्री साडेबारापर्यंत हुक-काजे करत बसायची. काम तर होतंच, पण खरं म्हणजे पुढचा भाग ऐकायचा असायचा.

दुसऱ्यांदा धंद्याची नजर जागी झाली. धाकटी ऐनवेळी थोरलीचा ब्लाऊज घालते आणि तो म्हणे अंगावर बेतल्यासारखा बसतो. कसा बसंल? माझ्याकडं जावळ्या बहिणी येतात, मी अजून त्यांची नावं चुकते. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "काकू, एकीचंच माप घ्या, दोघींना चालतंय." मी दोघींचं घेतलं. एकीचा उजवा खांदा अर्धा इंच उतरता, दुसरीचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, पाऊण इंच जास्त. वहीत त्यांची दोन पानं आहेत. बोटांचे ठसेसुद्धा जावळ्यांचे वेगळे असतात. रेशनच्या मशीनवर अंगठा लावायला सांगितला असता तर हे सोंग तिथंच संपलं असतं.

त्याहून राग आला कोर्ट मॅरेजचा. सकाळी ठरवतात, दुपारी सह्या! 1954 च्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, मग 30 दिवस थांबावं लागतं. भाचीच्या वेळी तेवढ्यात माझे सहा ब्लाऊज अस्तरासकट शिवून झाले. लेखिकेनं ते तीस दिवस ठेवायला पाहिजे होते. ऑफिसात नोटीस लागलेली, तिच्यावर थोरलीचं नाव, येणारा-जाणारा वाचतोय, आणि हिचा जीव टांगणीला. एवढी आयती संधी कोण सोडतं?

ॲपबद्दल थोडंच. फाईल उतरवून ठेवा, नाहीतर नेट गेलं की भाग पहिल्यापासून सुरू होतो. वेग वाढवून ऐकू नका, वाचणारीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

कारण खरी कादंबरी त्या बाईच्या गळ्यात आहे. थोरलीचा आवाज तिनं जाड, सावकाश ठेवलाय. धाकटीचा घाईचा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. त्यामुळं आपल्याला पहिल्या मिनिटाला कळतं कोण बोलतंय, आणि तो पठ्ठ्या पंधरा भाग ओळखत नाही! आमच्या आत्याबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "माय, त्या पोराचे कान फुटले का गं?" कागदावर वाचताना ही अडचण आलीच नसती. मीपण बरेच दिवस हा कादंबरीचा दोषच धरून चालले होते.

तिसऱ्या खेपेला, याच महिन्यात, वेगळंच ध्यानात आलं. धाकटी त्याच्याशी थोरली बनून बोलते तेव्हा वाचणारी थोरलीचा आवाज काढतच नाही. धाकटीचाच आवाज ती दाबून, सावकाश लावते, आणि हसताना तो निसटतो. म्हणजे तीन आवाज आहेत, दोन नाहीत. आणि तो ज्या ज्या ठिकाणी विरघळतो, तिथं नेमकं हे हसू निसटलेलं असतं. पोराचे कान शाबूत होते म्हणायचे.

हे कळलं तेव्हा मी एका ब्लाऊजला डावी बाही उजवीकडं लावून बसले होते. उसवता उसवता तो भाग परत लावला.