एक्स्प्रेशन पेडल : आठ महिन्यांनंतर

परवा कार्यक्रम ऐन रंगात आला असताना कीबोर्डवरच्या स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनसारख्या सुरांचा) आवाज मध्येच उसळायला लागला. पाय एक्स्प्रेशन पेडलवर (कीबोर्डचा आवाज पायाने कमी-जास्त करायचं पेडल) स्थिर, तरी आवाज खाली-वर. घरी येऊन मिडी मॉनिटरवर (कीबोर्डचे संदेश आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) बघितलं, तर सीसी ११ चा, म्हणजे या पेडलच्या संदेशाचा, आकडा ६२, ६५, ६१ असा थरथरत होता. म्हणजे आतला पॉट (पेडल कुठे आहे ते मोजणारा फिरता रेझिस्टर) खरखरायला लागलाय. सर्व्हिस सेंटरने ‘झीज वॉरंटीत येत नाही, नवीन घ्या’ एवढं सांगून बोळवण केली. संताप आला. शेवटी स्वतःच खालचे स्क्रू काढले, पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि पेडल पन्नासेक वेळा पुढे-मागे केलं. आकडा आता जागचा हलत नाही. पुन्हा बिघडलं तर पॉट बदलेन, पण एवढ्यासाठी नवं पेडल घेणार नाही.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. पेडलचा कोन! घेताना खुर्चीत बसून बघितलं होतं, तेव्हा झकास वाटलं. उभं राहून दोन तास वाजवलं की नडगीचा स्नायू भरून येतो. आवाज पार खाली आणायचा तर टाच दाबून चवडा उचलून धरावा लागतो, आणि घोटा वरच्या बाजूला जेमतेम २० अंश वाकतो. खाली त्याच्या दुपटीहून जास्त. बसल्यावर पाय पुढे जातो, म्हणून तेव्हा हे जाणवतच नाही.

पहिले दोन-तीन महिने मी पेडल कडक आहे म्हणूनच बोंब मारत होतो. ताणाचा स्क्रू सैल केला, तर पाय सस्टेनच्या (सूर लांबवणाऱ्या) पेडलकडे नेला की हे पेडल आपल्याच वजनाने कलंडायचं आणि आवाज भलतीकडे. तेव्हा पटलं, कडकपणा हवाच. पाय उचलल्यावर पेडल सोडलं तिथेच थांबलं पाहिजे. स्क्रू परत आवळला आणि टाचेच्या बाजूला खालून तीन सेंटीमीटरची लाकडी पाचर ठोकली, तिच्या तळाला रबर. त्या दिवसापासून नडगी दुखलेली नाही. तेव्हा उभं राहून वाजवत असाल तर घेतानाही उभं राहूनच बघा, आणि चवडा पूर्ण वर नेऊन मिनिटभर तसाच धरा.

पोलॅरिटीचा (जोडणी उलटी करायचा) स्विच आहे, ते बरं. वायपर, म्हणजे पॉटचा सरकता संपर्क, कुणी कंपनी जॅकच्या टिपवर (टोकावर) देते, कुणी रिंगवर (मधल्या कड्यावर). दुसऱ्याच्या कीबोर्डवर वाजवायची वेळ आली तेव्हा त्या स्विचनेच निभावलं.

केबल मात्र उजवीकडून निघते आणि सस्टेनच्या पेडलला अडते. त्यासाठी काटकोनी जॅक मागवलाय.