कॅम्पर व्हॅनसाठी 2 केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर: नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर पुरतो, पण...

फ्रिज, दिवे, पंखा, मोबाइल चार्जिंग एवढंच असेल तर पुरतो. पाटीवरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. सलग मिळतात साधारण 1600 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला 7 अँपिअर. नाशिक जवळपास 600 मीटर उंचीवर. दर 300 मीटरला इंजिनाची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे उरले दीडेक हजार. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी विसरा, गॅसच बरा. साधा एक टनाचा एसी सुरू होताना कॉम्प्रेसर कित्येक पट करंट ओढतो आणि ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्याचं जमतं.

इंजिन चालू पण वीज नाही? सगळा लोड काढा, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा, मग व्हॅनमधला एमसीबी (जास्त लोडला आपोआप पडणारा स्विच) बघा. इंजिनच धरत नसेल तर आधी ऑइल. उतारावर जनरेटर तिरका असला तरी ऑइल सेन्सर इंजिन बंद पाडतो. खरी डोकेदुखी कार्बोरेटरची: पावसाळाभर पेट्रोल तसंच राहिलं की जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र, तुंबतं. ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. आवाज सुसह्य आहे, धूर मात्र सुसह्य नाही. जनरेटर व्हॅनबाहेर, खिडक्यांपासून लांबच ठेवा.