लोझान का बेंगळुरू? न्यूरल नेटवर्क थिअरीचा पोस्टडॉक

आर्णीकडचा भाचा पीएचडी संपवतोय, आता पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी कुठं करावी हा त्याचा प्रश्न, म्हणून लिहितो. बाप्पा, न्यूरल नेटवर्क (एआयमागची गणिती मॉडेलं) शिकतात कशी याची थिअरीच करायची तर स्वित्झर्लंडच्या लोझानचं ईपीएफएल हे तंत्रविज्ञानाचं विद्यापीठ आधी बघ, न्यूरल टँजंट कर्नलचा (खूप रुंद नेटवर्क शिकतं कसं हे गणितात मांडणारा) २०१८ चा पेपर मुख्यतः तिथलाच, याच विषयावर काम करणारे लेन्का झ्देबोरोवा अन् क्राकाला या प्रोफेसरांचे ग्रुपही तिथंच, अन् स्टॅटिस्टिकल फिजिक्समधून आलेली रिप्लिका मेथड (सिस्टिमच्या अनेक प्रती धरून सरासरी काढायची रीत) नुसती वाचून नाही समजत, कोणासोबत तरी बसून फळ्यावर सोडवा लागते. पगार बरा पण शहर लय महाग.

बेंगळुरूचं आयसीटीएस हे टीआयएफआरचंच (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) थिअरीचं सेंटर, फिजिक्स अन् गणितवाले एका छताखाली, पैसे कमी, पण नागपूरवरून रेल्वे आहे अन् घरी बाबा एकटेच कपाशी पाहतात, हे काही लहान कारण नाही.

माझं मत ईपीएफएलच. प्रोफेसरला थेट मेल टाक, दोन्हीकडं रिसर्च स्टेटमेंट वेगळं लिही.