स्किबरीनचं दप्तर: फुकट आहे, पण पानं चाळायची तयारी ठेवा

३१ वर्षं साताऱ्याला भूमी अभिलेख खात्यात काढल्यामुळे कुठलंही दप्तर दिसलं की आधी रुमाल कसा बांधलाय ते बघायची खोड आहे. गेल्या हिवाळ्यात चार महिने मुलाकडे आयर्लंडला, कॉर्कमध्ये होतो. सून तिकडचीच, पश्चिम कॉर्कमधल्या स्किबरीनकडची. तिच्या आजीला आपल्या पणजोबांचा बाप्तिस्मा नक्की कधी झाला ते हवं होतं. माहिती एवढीच की नाव जेरेमाया आणि जन्म आयर्लंडच्या १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे, सप्टेंबरात. बाकी सगळे नोकरीवाले, मोकळा मी एकटा. म्हणून काम माझ्याकडे आलं.

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५मध्ये कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, जुन्या नोंदवह्या इंटरनेटवर टाकल्या. हजारावर पॅरिश आणि पावणेचार लाखांच्या आसपास पानं. शहरांतल्या काही वह्या १७४०च्या दशकापासूनच्या, खेड्यांतल्या बऱ्याच उशिराच्या, आणि बहुतेक सगळ्या १८८०पर्यंतच्या. अर्ज नाही, फी नाही, खातंसुद्धा उघडायला लागत नाही. नकाशावरून पॅरिश निवडायची, वर्ष-महिना लावायचा आणि पान समोर. टाइप केलेला गोषवारा नव्हे, पाद्रीबाबांच्या हातचं मूळ पानच. माझ्या लेखी इथेच अर्धे गुण मिळाले. गोषवारा करणाऱ्याच्या चुका आपल्याला कधी दिसत नाहीत. एका पैसे घेणाऱ्या साइटवर याच घराण्याचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलं.

या वह्यांना तिथे एवढी किंमत का, हे मुलाने सांगितलं. ३० जून १९२२ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला सरकारी दप्तरखाना उडाला. १८२१ ते १८५१च्या जनगणनेची जवळपास सगळी कागदपत्रं त्यात गेली. १८६१ आणि १८७१ची सरकारने आधीच नष्ट केली होती, पुढच्या दोनांचा पहिल्या महायुद्धात लगदा झाला. म्हणून पूर्ण अशी जुनी जनगणना १९०१चीच. प्रोटेस्टंट चर्चच्याही निम्म्याहून जास्त वह्या फोर कोर्ट्समध्येच जमा होत्या, त्या जळाल्या. कॅथलिकांच्या वह्या मात्र गावोगाव पाद्र्यांच्या घरी, कपाटात पडलेल्या. कुणी त्या मध्यवर्ती ठिकाणी मागवल्या नाहीत म्हणून वाचल्या. आमच्या खात्यात ‘सगळं एका छताखाली आणा’ म्हणणारे साहेब दर दोन वर्षांनी यायचे, त्यांची आठवण झाली.

आता वाचनाचं. ही बहुतेक १९५० आणि ६०च्या दशकांत घेतलेल्या मायक्रोफिल्मवरून केलेली काळी-पांढरी चित्रं. शाई कुठे उडालेली, कुठे पाठीमागची उमटलेली. उजळपणा कमी-जास्त करायची सोय आहे, ती वापरा. भाषा इंग्रजी किंवा लॅटिन. एकच माणूस एका पानावर डार्बी तर दुसऱ्यावर जेरेमाया. नोरा ही कधी ऑनर, कधी हॅनोरा. मोडी वाचलेल्याला याचं भय नाही, पण एका ठिकाणी मी साफ फसलो. महिन्याच्या जागी ‘७बर’ असं लिहिलेलं. सात म्हणजे जुलै समजून ती पानं सोडत गेलो. ऑगस्टनंतर पुन्हा जुलै यायला लागला तेव्हा वाटलं, वही उलटी शिवली असेल. दोन संध्याकाळी गेल्यावर टाळकं चाललं. लॅटिन सेप्टेम म्हणजे आपलं सप्त! ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर आणि रोमन दहाचा आकडा घातलेला डिसेंबर. संस्कृतच्या मास्तरांनी पट्टीने मारलं असतं.

या साइटवर नावाने शोध नाही. पान न् पान उलटायचं. पंधरा दिवस मी तेच केलं, आणि मग सून म्हणाली, “बाबा, आपल्या भागाच्या नोंदी सरकारच्या दुसऱ्या मोफत साइटवर नाव घालून सापडतात की!” खरंच आहे. डब्लिन शहर, केरी आणि कॉर्कचा नैऋत्य भाग असेल तर आधी तिकडे जा.

पण नाव घालून एका झटक्यात पोचलो असतो तर १८४७ दिसलं नसतं. ४५च्या वहीत दाटीवाटीने बाप्तिस्मे आहेत. ४७पासून पानं विरळ होत जातात. अक्षर तेच, मूलच नाही. दफनाच्या नोंदी कॅथलिक वह्यांत क्वचितच, त्यामुळे मेलेल्यांची यादी मिळत नाही. स्किबरीनच्या ॲबीस्ट्रूरी स्मशानात आठ-दहा हजार माणसं एकत्र पुरलेली आहेत, म्हणजे निदान सांगतात तसं. वहीत ती फक्त न झालेल्या बाप्तिस्म्यांच्या रूपाने आहेत. तलाठ्याच्या पीकपाहणीत ‘पड’ लिहिलेलं बघून जसं कळतं, तसं.

जेरेमाया ७बर १८४९मध्ये सापडला. आईचं माहेरचं नाव, वाडीचं नाव, दोन साक्षीदार गॉडफादर-गॉडमदर, सगळं एका ओळीत. पान छापून आजींना दिलं. देताना सवयीने खाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ लिहून सही ठोकली. त्यांनी काय लिहिलंय विचारलं, सुनेने सांगितलं, आणि त्यांनी चष्मा पुसून सहीच आधी वाचायचा प्रयत्न केला.