मसाल्यासाठी विकत घेतलेलं नाव

आमच्याकडे साठवणीचा मसाला एप्रिलमध्ये होतो. लालबागहून बेडगी आणि शंकेश्वरी मिरची आणायची, गच्चीवर कडकडीत उन्हं दाखवायची, खडा मसाला भाजायचा आणि डंकावर कांडून घ्यायचा. प्रमाण सासूबाईंचं. भांडुपच्या आमच्या इमारतीतून तो नणंदेच्या ओळखीत गेला, तिथून दादरच्या एका दुकानात. दुकानदार म्हणाले, "वहिनी, माल चोख आहे, पण साध्या पिशवीला गिऱ्हाईक हात लावत नाही. नाव हवं, छापील पाऊच हवा."

त्या नावापायी माझी फसवणूक झाली. हे लिहिते आहे, कारण फसवणाऱ्या माणसाच्या वहीत अशी आणखी बरीच नावं विक्रीला होती.

ओळखीतूनच फोर्टमधल्या एका सल्लागाराचा नंबर मिळाला. जुन्या इमारतीत छोटीशी केबिन, टेबलावर अशोकस्तंभ छापलेल्या कागदांच्या फायली. माझ्या मनात दोन नावं होती, ती मी सांगितली. तो म्हणाला, "ताई, नवीन नावाला वेळ लागतो, आणि लोकांना ते कळायला आणखी पाच वर्षं. माझ्याकडे तयार, रजिस्टर झालेलं नाव आहे." आणि वही पुढे करून एका नावावर बोट ठेवलं.

ते घड्याळांच्या एका नामांकित कंपनीचं नाव होतं. इथे लिहीत नाही, कारण ते पुन्हा कुठेही वापरणार नाही अशी लेखी हमी मी दिली आहे. मी विचारलंसुद्धा, "हे तर घड्याळवाल्यांचं ना?" त्याचं उत्तर तोंडावर तयार होतं. वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग असतात, घड्याळं १४ मध्ये, मसाले ३० मध्ये, प्रत्येक वर्गाची नोंद वेगळी. घड्याळवाल्यांनी ३० मध्ये नोंद केलेली नाही, आम्ही केली. यातली वर्गांची माहिती अगदी खरी आहे, नंतर मी पडताळून पाहिली. खऱ्या माहितीच्या आधारावर त्याने खोटं विकलं, म्हणूनच मला संशय आला नाही.

व्यवहार पासष्ट हजारांत ठरला. पंचवीस हजारांचा चेक आणि चाळीस हजार रोख. चेक त्याने भलत्याच नावाने मागितला, "भागीदाराचं खातं आहे" म्हणाला. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नाव माझ्या हवाली केल्याचा करार झाला. सोबत एक रंगीत छापलेला कागद मिळाला, त्यावर नंबर होता, तारीख होती. "हेच सर्टिफिकेट. नावाच्या डोक्यावर गोलातला आर छापून घ्या, तुमचा हक्क आहे." मी छपाईसाठी चार रंगांचे सिलिंडर करून घेतले आणि चार हजार पाऊच छापले. मसाला खरोखरच भराभर जाऊ लागला.

सप्टेंबरात रजिस्टर पोस्टाने घड्याळ कंपनीच्या वकिलांची अकरा पानी नोटीस आली. एक मला, एक दादरच्या दुकानदारांना. त्यांनी त्याच दिवशी फळीवरचे सगळे पाऊच खोक्यात भरले आणि मला फोन केला. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "वहिनी, माझ्या वडिलांच्या वेळचं दुकान आहे हो." ते वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही.

सल्लागाराने आधी "अशा नोटिसा येतच असतात" म्हणून सांगितलं. नंतर फोन लागेना.

नणंदेच्या ओळखीच्या वकील मॅडमनी पहिल्यांदा तो रंगीत कागद मागितला. ट्रेड मार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाचा नंबर टाकून स्थिती बघता येते. पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. त्यांनी माझ्यासमोर मोबाइलवर नंबर टाकला. स्थिती: ऑब्जेक्टेड. तो कागद म्हणजे अर्ज भरल्याची नुसती पोच होती. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने ट्रेड मार्क कायद्याच्या कलम ११ खाली हरकत घेतलेली, घड्याळ कंपनीच्या आधीच्या नोंदींचा हवाला दिलेला, आणि त्या अहवालाची तारीख माझ्या कराराच्या सहा महिने आधीची. अर्जदाराच्या जागी तिसऱ्याच माणसाचं नाव. म्हणजे मला नाव विकणाऱ्याचा त्या अर्जाशी कागदोपत्री काही संबंधच नव्हता.

नोंद खरोखर झाली की स्थितीत रजिस्टर्ड असं दिसतं. त्याआधी अर्ज कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि कुणालाही विरोध करायला चार महिने मिळतात. गोलातला आर म्हणजे नाव रजिस्टर्ड असल्याची खूण, नोंद झाल्याशिवाय तो छापायला त्याच कायद्याच्या कलम १०७ ने मनाई आहे; टीएम, म्हणजे नुसतं ट्रेड मार्क, तेवढं चालतं. माझ्या चार हजार पाऊचवर तो आर होता.

मग मी वर्गांचा मुद्दा काढला. मसाला आणि घड्याळ, कोण कशाला गोंधळेल? मॅडमनी मलाच उलट विचारलं, "दुकानात गिऱ्हाईकाने तुमचं पाकीट पहिल्यांदा उचललं, ते चव बघून की नाव बघून?" मला खोटं बोलता आलं नाही. नाव बघून. त्या म्हणाल्या, कायदा नेमकं यालाच अडवतो. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम २९(४) प्रमाणे, नोंदणी झालेल्या एखाद्या नावाचा भारतात लौकिक असेल, तर वस्तू अगदी वेगळी असली तरी सबळ कारणाशिवाय त्या लौकिकाचा फायदा उपटणं किंवा त्याला बाधा आणणं हे उल्लंघनच. नोंदणीच्या पायरीवरही सर्वपरिचित नावांना सगळ्या वर्गांत असंच संरक्षण असतं. २०१७ च्या नियमांपासून एखादी कंपनी एक लाख रुपये फी भरून आपलं नाव सर्वपरिचित ठरवून मागू शकते, आणि अशा नावांची यादी कार्यालय प्रसिद्ध करतं.

हे काही कालपरवाचं नाही. कॅलटेक्स हे पेट्रोलवाल्यांचं नाव एका व्यापाऱ्याला घड्याळांसाठी हवं होतं, साठच्या दशकात आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने ते मिळू दिलं नाही. ऐंशीच्या दशकात ब्लेडवर प्रसिद्ध असलेलं सेव्हन ओ'क्लॉक हे नाव टूथब्रशवर घालणाऱ्यांना याच न्यायालयाने रोखलं. नव्वदच्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयाने बेंझ हे गाडीचं नाव अंतर्वस्त्रांवर वापरायला मनाई केली. यातल्या एकाही खटल्यात वस्तू सारखी नव्हती. वही पुढे करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्याचा धंदाच तो होता.

कंपनीच्या वकिलांशी बोलणं सुरळीत झालं. वापर थांबवायचा, उरलेले पाऊच नष्ट करून त्याचे फोटो पाठवायचे आणि हमीपत्र द्यायचं. भरपाई त्यांनी सोडून दिली. उरलेले एक हजार एकशे चाळीस भरलेले पाऊच मी आणि मुलीने चार रात्री बसून कात्रीने कापले. सीलच्या खाली आडवा काप, मसाला पातेल्यात, रिकामा पाऊच पुन्हा नावावरून उभा कापायचा. नाकातोंडाला फडकी बांधली तरी खोकला थांबेना, बोटांची आग सकाळपर्यंत राहायची. उघडा पडलेल्या मसाल्याचा वास उतरला, तो मी विकला नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. चेकचा पुरावा आहे, व्हॉट्सॅपवरचे निरोप आहेत. रोख दिलेल्या चाळीस हजारांचा मात्र कुठेच मागमूस नाही, ते मी पावतीशिवाय द्यायला नको होते. आणि नोंदणी कार्यालय मुंबईतच आहे, अँटॉप हिलला. भांडुपहून निघून पैसे देण्याआधी मी तिथे विचारून येऊ शकले असते.

नवीन नाव सासूबाईंच्या लाडाच्या नावावरून घेतलं. वर्ग ३० मध्ये ऑनलाइन अर्ज केला, माझ्यासारख्या व्यक्तीला एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये. पाऊचवर सध्या फक्त टीएम आहे. दादरच्या दुकानदारांनी वीस पाकिटं पुन्हा ठेवून घेतली.

त्या वहीतलं जेवढं आठवतं तेवढं सांगते. एका टायर कंपनीचं नाव चपलांसाठी होतं, एका साबणाचं नाव अगरबत्तीसाठी, एका बँकेचं नाव क्लासेससाठी. फोर्टमधल्या कुणाकडून असं तयार नाव घेतलं असेल, तर त्या रंगीत कागदावर सात आकडी नंबर असेल. तो आज रात्रीच टाकून बघा. आणि पाऊच छापायला दिले असतील, तर बघण्याआधी छपाईवाल्याला फोन करून सिलिंडर थांबवायला सांगा.