फिजिओलॉजी आणि पॅथॉलॉजीचा जोड अभ्यासक्रम: आठ महिन्यांनंतर

मोठ्या सरकारी विद्यापीठात फिजिओलॉजी-पॅथॉलॉजीला, म्हणजे निरोगी शरीर कसं चालतं आणि आजारात काय बिघडतं या दोन विषयांना, प्रवेश घेऊन आठ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या तक्रारी झाल्या असत्या, म्हणून मुद्दाम थांबले.

आधी गर्दीबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. लेक्चर हॉल गच्च भरतो. मागच्या बाकावरून आलेख नीट दिसत नाही आणि शंका विचारायला तास संपल्यावर रांग लावावी लागते. याची सवय होते. प्रॅक्टिकलचं मात्र तसं नाही. एका मायक्रोस्कोपवर आम्ही चौघं. पहिले काही आठवडे मी रक्ताचे स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, बघितले ते दुसऱ्या कुणीतरी फोकस करून ठेवलेले. त्यात केवढं नुकसान होतं हे उशिरा कळलं. ऑइल इमर्शनच्या (तेलाचा थेंब लावून वापरायच्या शंभरच्या) लेन्सखाली फाइन नॉब थोडा पुढे-मागे करत न्यूट्रोफिलच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या, केंद्रकाचे खंड मोजायला शिकणं हे हाताचं काम आहे, बघून येत नाही. शेवटी लॅब असिस्टंट काकांना विचारून दुपारच्या रिकाम्या वेळात एकटीने बसायला लागले, तिथून माझा अभ्यास खरा सुरू झाला.

एक प्रसंग सांगते. पांढऱ्या पेशी मोजायच्या होत्या. बोटाला टोचून पिपेटमध्ये ०.५च्या खुणेपर्यंत रक्त, मग ११पर्यंत टर्क्स फ्लुइड हे द्रावण, म्हणजे २० पट विरळ. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबड्या पेशी फोडतं आणि जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांना रंग देतं. न्यूबाऊर चेंबरच्या, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेच्या, चार कोपऱ्यांत मला मिळून ६२ पेशी दिसल्या. विरळपणा आणि चौकटींचं आकारमान धरून ५०ने गुणले, उत्तर दर घन मिलिमीटर रक्तात ३,१००. सर्वसाधारणपणे ४,००० ते ११,००० असायला हव्यात. रक्त माझंच होतं, तब्येत ठणठणीत होती, तरी छातीत धस्स झालं. मॅडमनी एवढंच विचारलं, "पहिले थेंब टाकून दिलेस का?" दिले नव्हते. पिपेटच्या दांड्यात नुसतं द्रावण असतं, रक्त मिसळतं ते फुग्यात. पहिलाच थेंब चेंबरला लावला की पेशी कमी भरणारच. पिपेट पुन्हा हलवून, पहिले थेंब टाकून मोजलं तर १२८ पेशी, म्हणजे ६,४००. एका थेंबाने रिपोर्ट किती फिरतो, हे पाठांतर करून मला कधीच कळलं नसतं.

आता अभ्यासक्रमाच्या आखणीबद्दल, कारण माझी खरी नाराजी तिथे आहे. निरोगी हृदय एका सत्रात शिकवतात आणि निकामी होणारं हृदय दुसऱ्या. मधे काही महिने जातात. तोपर्यंत फ्रँक-स्टार्लिंगचा आलेख (हृदय जितकं जास्त भरतं तितकं जोरात आकुंचन पावतं, हे दाखवणारा) फक्त काढता येतो, तो कशासाठी शिकलो ते विसरलेलं असतं. मला ही जोडणी वर्गात मिळाली नाही, ती म्युझियममध्ये मिळाली. एका बरणीत यकृताचा काप आहे, कापलेल्या बाजूवर गडद ठिपके आणि भोवती फिकट जाळी, अगदी जायफळ कापल्यासारखी. चिठ्ठीवर 'नटमेग लिव्हर' एवढंच. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभी होते. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागे तुंबतं आणि यकृतातून ते बाहेर नेणाऱ्या शिरांत दाब वाढतो. यकृताच्या प्रत्येक लोब्यूलमध्ये, म्हणजे ज्या छोट्या एककांनी यकृत बनतं त्यात, रक्त कडेकडून मधल्या शिरेकडे वाहतं, म्हणून मधल्या पेशींना एरवीही ऑक्सिजन सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी मिळतो. तिथेच रक्त तुंबतं आणि तिथल्याच पेशी आधी मरतात. ते गडद ठिपके म्हणजे हे. पहिल्या सत्रातली रक्ताभिसरणाची सगळी टिपणं त्या एका कापात दिसत होती.

तेव्हापासून मी दोन्ही विषयांची पुस्तकं शेजारी उघडून वाचते. मूत्रपिंडात दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. उरलेलं परत शोषून घेण्यात सुरुवातीच्या नलिकेच्या पेशींचा वाटा सगळ्यांत मोठा, त्यासाठी त्यांचे सोडियम पंप सतत चालू आणि ऑक्सिजनचा खर्च प्रचंड. मग रक्तपुरवठा तुटल्यावर स्लाइडमध्ये त्याच पेशी आधी मेलेल्या का दिसतात, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

डिजिटल स्लाइड्सचा उपयोग मर्यादित वाटला. कमी मॅग्निफिकेशनवर अख्खा काप नजरेखाली घालायला त्या उत्तम, घरी उजळणीलाही सोयीच्या. पण आम्हाला मिळालेल्या स्लाइड्स एकाच पातळीवर स्कॅन केलेल्या आहेत, फोकस वरखाली करून पेशीची खोली बघता येत नाही.

परीक्षा मला पटली नाही. स्पॉटिंगमध्ये घंटा वाजते, पुढच्या टेबलावर सरकायचं, नाव लिहायचं. नाव ओळखलं की गुण. असं का झालं, हे कुणी विचारत नाही. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एकदाच एका सरांनी विचारलं आणि त्या पाच मिनिटांत मी सगळ्यांत जास्त बोलले.

शिक्षक जाणकार आहेत, हे मनापासून सांगते. जुन्या स्लाइड्सच्या पेट्या आणि म्युझियममधल्या बरण्या इतक्या आहेत की चार वर्षं पुरतील. पण इथे कुणी आपल्याला शोधत येत नाही. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात लॅब रिकामी कधी असते ते विचारून घ्यावं. आमच्याकडे मंगळवार आणि गुरुवारी दुपारी तीननंतर असते, आणि खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपची शंभरची लेन्स सगळ्यांत स्वच्छ आहे.